फलक लागला, पण आदेश कुठे आहे?

प्रश्न : आमची ३४० सदनिकांची सोसायटी शहराच्या बायपासला लागून आहे. बायपास चौपदरी, मध्ये दुभाजक. पहिल्या टप्प्यात दीड वर्षापासून लोक राहतात, दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम चालू आहे. महिन्यापूर्वी गेटसमोरचा दुभाजकातला कट सिमेंटचे अडथळे टाकून बंद केला. पुढच्याच आठवड्यात आमच्या जोडरस्त्याच्या कोपऱ्यावर ‘जड वाहनांस प्रवेश बंद, स. ८ ते ११ व सायं. ५ ते ९’ असा फलक लागला. सभासद खूश झाले. पण पहिल्याच सोमवारी पोलिसांनी आमचा पाण्याचा टँकर अडवला आणि बायपासवरचे ट्रक मात्र पूर्वीसारखेच धावताहेत. यू-टर्न १.४ किलोमीटर पुढे असल्यामुळे अर्धी सोसायटी दोनशे मीटर राँग साइडने येते. काही जण म्हणतात, वर्गणी काढून गतिरोधक आपणच टाकू. बायपासवर जड वाहनांना पूर्ण बंदी मिळेल का? सुरुवात कुठून करू?
– एक सोसायटी सचिव

उत्तर :

नमस्कार. तुमच्या पत्रातला कळीचा शब्द आहे ‘कोपऱ्यावर’. फलक बायपासवर नाही, तुमच्या जोडरस्त्याच्या तोंडाशी आहे. प्रवेशबंदीचा फलक ज्या रस्त्याच्या तोंडाशी उभा असतो, त्या रस्त्याला तो लागू होतो. बायपासवरून सरळ निघून जाणाऱ्या ट्रकवाल्याने तो मोडलाच नाही; वळून आत आलेल्या तुमच्या टँकरने मोडला. त्या सोमवारी पोलिसाने फलकावर लिहिलं होतं तेवढंच केलं. आता एक तर फलक चुकीच्या जागी रोवला गेलाय, किंवा मूळ आदेशच तुमच्या जोडरस्त्यापुरता आहे. यातलं खरं काय, ते आदेशाची प्रत हातात आल्यावरच कळेल. म्हणून पहिलं काम प्रत मिळवणं. निवेदन, सह्यांची मोहीम, आमदारांची भेट, हे सगळं त्यानंतर.

अशा बंदीचा आधार म्हणजे मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ११५. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय, अथवा रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप, या कारणांसाठी एखाद्या रस्त्यावर सर्व किंवा ठरावीक प्रकारच्या वाहनांना मनाई करता येते. अधिकार राज्य शासनाचा, किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचा. आपल्याकडे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असे आदेश बहुधा वाहतूक शाखेच्या उपायुक्तांच्या सहीने निघतात, आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हाधिकाऱ्यांच्या. मनाई राजपत्रात अधिसूचित व्हावी लागते आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी फलक लावावे लागतात. एक महिन्यापर्यंतच्या मनाईला राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. इथेच बरेचदा घोळ होतो. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ काढलेल्या आदेशाची मुदत संपते, अंतिम आदेश निघतच नाही, आणि फलक मात्र गंजेपर्यंत उभा राहतो.

प्रत मागायला थेट वाहतूक शाखेत जा. आवक-जावक नोंदवहीत आदेशाचा क्रमांक असतो आणि साध्या अर्जावरही बरेचदा झेरॉक्स मिळते. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आसपास बसवावा लागतो, त्यामुळे गाऱ्हाणं न मांडता फक्त कागद मागा : फलकाबाबतच्या आदेशाची किंवा अधिसूचनेची प्रत, आदेशाआधीचा पाहणी अहवाल, रस्त्याच्या मालकी यंत्रणेशी झालेला पत्रव्यवहार, आणि लावलेल्या फलकांची जागांसह यादी. दुभाजकातला कट हा वेगळा विषय. त्याचा अर्ज वेगळा आणि बहुधा वेगळ्या कार्यालयात. उत्तराची मुदत ३० दिवसांची. तोवर फलक पाळा. फलक बेकायदा आहे असं आपल्याला वाटतं म्हणून तो मोडायचा आणि मग चलनावरून भांडायचं, यात टँकरवाला भरडला जातो. चलन झालंच असेल तर फलकाचा आणि आजूबाजूच्या जागेचा फोटो जोडून चलनाच्या तक्रार सुविधेत आक्षेप नोंदवा.

प्रत मिळाली की बोट ठेवून वाचा. रस्त्याचं नाव आणि कुठपासून कुठपर्यंत, तेही साखळी क्रमांकासह, म्हणजे ‘कि.मी. अमुक ते तमुक’ असं, आहे का? वाहनाचा प्रकार कोणत्या शब्दांत लिहिलाय? वेळ, दिवस, अंमल सुरू होण्याची तारीख, शेवटची तारीख, पर्यायी मार्ग, वगळलेली वाहने? यातली एखादी गोष्ट गाळलेली असेल तर तिचा त्रास रस्त्यावर कुणाला तरी होतोच.

वाहनाच्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा टँकर तिथेच अडकला. कायद्यात ‘जड मालवाहू वाहन’ म्हणजे १२,००० किलोपेक्षा जास्त सकल वजनाचं. ७,५०० किलोपर्यंतचं हलकं, मधलं ते मध्यम. हे सकल वजन म्हणजे भरलेल्या गाडीचं नोंदणीकृत वजन. त्या क्षणी गाडी रिकामी असली तरी प्रकार बदलत नाही. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं, वर गाडीचं स्वतःचं वजन, त्यामुळे तो जडमध्येच बसतो आणि रिकामा परत जातानाही जडच राहतो. पाच हजार लिटरचा टँकर बहुधा मध्यममध्ये येतो. पुरवठादाराकडून आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची, प्रत घ्या, त्यावर सकल वजन छापलेलं असतं. म्हणजे आजच्या आजचा उपाय साधा आहे : मोठे टँकर ११ ते ५ मध्ये बोलवा, बंदीच्या वेळेत लागलाच तर छोटा. हीच कात्री कचऱ्याच्या कॉम्पॅक्टरला, घरसामान हलवणाऱ्या मोठ्या ट्रकला आणि दुसऱ्या टप्प्याच्या काँक्रीट मिक्सरला लागते. आदेशात ‘मालवाहू’ हा शब्द नसून नुसतं ‘जड वाहने’ असेल तर मोठी शाळेची बससुद्धा कात्रीत सापडू शकते.

आदेश तुमच्या जोडरस्त्यापुरताच असला तर दुरुस्तीची मागणी करताना वगळण्याचं वाक्य तयार करूनच द्या. अधिकाऱ्याला मसुदा हातात मिळाला की काम पुढे सरकतं. उदाहरणार्थ : ‘अग्निशमन दल, रुग्णवाहिका व पोलीस वाहने, तसेच सदर जोडरस्त्यावरील रहिवाशांना पाणीपुरवठा करणारे टँकर, घनकचरा वाहतूक करणारी वाहने व शालेय बस यांना सदर मनाईतून वगळण्यात येत आहे.’ आदेशात सूट मिळाली की ती फलकाखालच्या पूरक पट्टीवरही लिहून घ्या. चौकातल्या शिपायाकडे आदेशाची फाइल नसते, तो पट्टी वाचतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बायपासवर जड वाहनांना पूर्ण बंदी मिळेल का? मिळणार नाही, आणि मागूही नका असं आमचं मत आहे. बायपास बांधला जातो तोच गावातून जाणारे ट्रक बाहेर काढायला. ते इथून हटवायचे म्हणजे पुन्हा जुन्या रस्त्यावर, शाळा-बाजारपेठेतून न्यायचे. हे कोणतीही यंत्रणा लिहून देणार नाही, आणि तशी मागणी केली की तुमची बाकीची रास्त पत्रंही त्याच फाइलला लावली जातात. ठरावीक तासांची बंदी अधूनमधून मिळते, पण तिचाही एक स्वभाव असतो. पर्यायी मार्ग नसेल तर ट्रक गायब होत नाहीत, थांबतात. आठ वाजता बंदी सुरू होते म्हणून पावणेआठपासून बंदीच्या हद्दीबाहेर खांद्यावर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, रांग लागते आणि अकराला ती सगळी एकदम सुटते. बंदीची हद्द तुमच्या गेटजवळ सुरू होत असेल तर ही रांग तुमच्याच दारात उभी राहील. तासांची बंदी मागायचीच असेल तर हद्दीच्या दोन्ही टोकांना ट्रक थांबण्याची जागा कुठे, हे आधी दाखवा. आणि फलक हद्दीच्या आधीच्या चौकात हवा, जिथून ट्रकला दुसरीकडे वळणं शक्य असतं. ऐन तोंडाशी फलक दिसला तर अठरा चाकी गाडी मागे कशी घेणार?

पुढची पायरी : बायपास नेमका कोणाचा? राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता. शहर वाढल्यावर काही बायपास महापालिकेकडे वर्ग होतात, काही रस्ते विकास महामंडळाकडे असतात. वाहतुकीवरची मनाई पोलीस किंवा जिल्हाधिकारी काढतात. कट, दुभाजक, रंबल पट्ट्या (वेग कमी करायला लावणाऱ्या आडव्या, खडखडणाऱ्या पट्ट्या), दिवे हे रस्त्याच्या मालकाचं काम. सोसायट्यांची पत्रं या दोन टेबलांच्या मध्ये वर्षानुवर्षं फिरतात, कारण एकाच पत्रात दोघांची कामं मागितलेली असतात. पत्रं दोन करा, आणि प्रत्येकात दुसऱ्याची प्रत जोडा.

मात्र कोणतंही पत्र पाठवण्याआधी एक कागद गुपचूप तपासा : प्रकल्पाचा मंजूर लेआउट. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत तो सापडायला हवा. त्यात मुख्य प्रवेश कुठून दाखवलाय? मंजुरी विकास आराखड्यातल्या आतल्या रस्त्यावरून घेतलेली असते, तो रस्ता अजून झालेला नसतो, आणि विक्री सुरू व्हायची म्हणून बायपासकडे ‘तात्पुरतं’ गेट काढलेलं असतं, असं प्रकरण बायपासलगतच्या प्रकल्पांमध्ये नवीन नाही. राष्ट्रीय महामार्गावर खासगी मिळकतीला थेट प्रवेश हवा असेल तर महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. तसा कायदाच २००२ चा आहे. राज्य मार्गावरही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या परवानगीशिवाय रस्ता जोडता येत नाही. परवानगी नसताना तुम्ही ‘आमच्या गेटसमोर अपघात होतात’ अशी तक्रार केली, तर यंत्रणेला सगळ्यात सोपा मार्ग मोकळाच असतो : गेटवर क्रॅश बॅरियर, म्हणजे महामार्गाकडेचा मजबूत कठडा. तेव्हा परवानगीची प्रत आधी विकासकाकडून लेखी मागा. ती नसेल तर तुमचं भांडण ट्रकशी नाही, विकासकाशी आहे. आणि खरी मागणी आतला रस्ता पूर्ण करण्याची आहे. मंजूर आराखड्याप्रमाणे काम करणं रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि जाहिरातीत प्रवेशमार्गाबद्दल खोटं सांगून घर विकलं असेल तर कलम १२ लागू पडतं.

कटाकडे वळू. तो बंद झाला हे तुम्हाला गैरसोयीचं वाटतं, पण बहुधा बरोबर झालं आहे. हिशेब करा. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. उभ्या गाडीला दोन मार्गिका, म्हणजे साधारण ७ मीटर, पार करून दुभाजकाशी पोचायला चालकाने निर्णय घेण्यापासून मोजलं तर सहा सेकंद सहज लागतात. तेवढ्यात ट्रक १३० मीटर पुढे आलेला असतो. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ८० च्या वेगाला थांबण्यासाठी लागणारं दृष्टिअंतर १२० मीटर आहे, ६० ला ८० मीटर आणि ५० ला ६० मीटर. तुमच्या गेटमधून एवढं दिसतं का? हे मोजायला यंत्र लागत नाही. दोघे जण दिवसाउजेडी, परावर्तक जाकीट घालून जा. एकाने जोडरस्त्यावर, डांबराच्या कडेपासून ३ मीटर मागे, डोळे जमिनीपासून १.२ मीटरवर येतील असं बसावं. ती चालकाच्या डोळ्यांची मानक उंची आहे. दुसऱ्याने खांद्याच्या बाहेरून, मुख्य रस्त्यावर अजिबात न उतरता, फीत टाकत वाहतूक जिथून येते त्या दिशेला चालत जावं. तो दिसेनासा होतो ते अंतर लिहून घ्या आणि आड काय आलं तेही लिहा. बहुतेक वेळा आड येतं ते विकासकाचं होर्डिंग, कुंपणालगत लावलेली शोभेची झाडं किंवा उभा केलेला डंपर. होर्डिंग काढायला कुणाच्याही अधिसूचनेची गरज नाही. दुसऱ्या दिवशी निघतं.

कटाऐवजी ‘डावीकडून आत, डावीकडून बाहेर’ हीच रचना मान्य करा आणि तिच्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मागा : गेटच्या अलीकडे वेग कमी करण्याची आणि पलीकडे वेग घेण्याची वेगळी मार्गिका, जोडरस्त्याच्या तोंडाला दिवे, आणि शक्य असेल तर गेटपासून यू-टर्नपर्यंत सेवा रस्ता. १.४ किलोमीटरवरचा यू-टर्न म्हणजे जाऊन-येऊन २.८ किलोमीटर, चार-पाच मिनिटं. तो फार लांब वाटतो म्हणूनच लोक राँग साइडने येतात. यू-टर्न अलीकडे आणता येईल का, हे रस्त्याच्या मालकाला जरूर विचारा. पण नुसती जागा बदलून भागत नाही. वळणाऱ्या गाडीला मागच्या वाहतुकीतून बाजूला थांबायला दुभाजकालगत साठवण मार्गिका लागते, आणि दुभाजक अरुंद असेल तर बसचं शेपूट वेगाच्या मार्गिकेत राहतं. रुंदी मोजून पत्रात लिहा.

राँग साइडबद्दल सभेत स्पष्ट बोला. समोरचा ट्रक ६० ने आणि तुमची स्कूटर ४० ने येत असेल तर मधलं अंतर शंभरच्या वेगाने संपतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मधल्या धोकादायक वाहनचालनात स्पष्ट शब्दांत मोडतं, आणि त्यात कैदेचीही तरतूद आहे. शिवाय राँग साइडचा एक अपघात झाला की सोसायटीच्या सगळ्या मागण्यांना ‘आधी तुमचे लोक आवरा’ हे उत्तर तयार असतं.

गतिरोधक वर्गणीतून टाकू नका. बायपासवर तर नाहीच नाही. राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक नकोत हे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचं धोरण आहे. अनधिकृत उंचवट्यावर रात्री दुचाकी उलटली तर तो कुणी टाकला हे शोधायला पोलिसांना वेळ लागत नाही, कारण वर्गणीची पावती असते. गतिरोधकाची जागा तुमच्या जोडरस्त्यावर आहे, बायपासला मिळण्याच्या जरा आधी, म्हणजे बाहेर पडणारा थांबेल. मानक आकार ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलवा. तो साधारण २५ च्या वेगाने पार व्हावा असा बेत असतो. अर्ध्या फुटाची उभी भिंत घालणारा कंत्राटदार भेटला तर त्याला हे आकडे लिहून द्या. वर पट्टे रंगवा आणि ४० मीटर आधी इशारा फलक लावा. जोडरस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला असेल तर यालाही परवानगी लागेल.

बायपासवर वेग कमी करायला रंबल पट्ट्या मिळू शकतात. १५ ते २५ मिलिमीटर जाडीच्या, २०० ते ३०० मिलिमीटर रुंदीच्या, साधारण मीटरभर अंतराने पंधरा-वीस पट्ट्यांचा एक संच. पण हे मागण्याआधी रस्त्याकडे खिडक्या असलेल्या इमारतींना विचारा. रात्री दोन वाजता रिकामा डंपर त्यावरून गेला की फाळक्यांचा खडखडाट सातव्या मजल्यापर्यंत जातो, आणि ज्यांनी पट्ट्या मागितल्या तेच तीन महिन्यांनी त्या काढायचा अर्ज करतात. पट्ट्या इमारतींच्या अलीकडे, मोकळ्या जागेसमोर बसल्या तर चालक सावध होतो आणि झोपही टिकते.

वेगमर्यादेचा फलक हा त्याहून टिकाऊ उपाय. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना कमाल ७० आणि मालवाहू वाहनांना ६० ची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ खाली स्थानिक कारणांसाठी ती आणखी खाली आणता येते. तिथेही महिन्याहून जास्त मुदतीला राजपत्र लागतं. मर्यादा दाखवणारा अधिकृत फलक लाल कडेचा गोल असतो. विकासकाच्या नाव-लोगोसह ‘सावकाश, मुलं खेळत आहेत’ अशी पाटी दिसायला छान, पण तिच्या जोरावर कुणाला दंड करता येत नाही.

कमी वेगमर्यादा मागायची तर आताचा वेग मोजून द्या. खांद्याबाहेर फितीने नेमकं १०० मीटर अंतर घेऊन दोन खुणा करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. ३६० ला सेकंदांनी भागा : ६ सेकंद म्हणजे ६०, साडेचार म्हणजे ८०. अंतर पन्नास मीटरच घेतलं तर बोटाच्या पाव सेकंदाच्या चुकीने ८० चे ७२ किंवा ९० होतात, म्हणून शंभर. पुढे गाडी नसलेल्या, मोकळ्या धावणाऱ्या १०० गाड्या मोजा, वेगाच्या चढत्या क्रमाने लावा आणि ८५ वी बघा. अभियंते त्या ८५ व्या आकड्याकडे बघतात, सरासरीकडे नाही. आणि मोजताना ठळक जाकीट घालून रस्त्यालगत उभे राहू नका; पोलीस समजून सगळे हळू होतात. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन्ही खुणा दिसत असतील तर उत्तम.

वाहनगणना करताना नेहमी एक रकाना राहून जातो. तासाला किती ट्रक गेले ते सगळे लिहितात. त्यातले किती तुमच्याच दुसऱ्या टप्प्याच्या गेटात वळले, हे कुणी लिहीत नाही. गणना पंधरा-पंधरा मिनिटांच्या खान्यांत, सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९, किमान दोन कामाचे दिवस आणि एक शनिवार करा. खाती ठेवा दुचाकी, मोटार-रिक्षा, टेम्पो, बस, ट्रक, डंपर-मिक्सर. प्रत्येकापुढे ‘सरळ’ आणि ‘प्रकल्पात’ असे दोन रकाने. गेटशी होणारा खोळंबा बरेचदा प्रकल्पाच्या डंपर-मिक्सरचाच असतो, कारण तेच वेग कमी करतात, वळतात आणि रांगेत उभे राहतात.

आणि त्यांना आवरणं ट्रकबंदीपेक्षा कितीतरी सोपं आहे. बांधकामाचं क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागलेली असते. राज्य पर्यावरण प्राधिकरणाच्या अशा मंजुरीपत्रात एक ठरलेली अट असते : बांधकाम साहित्य आणणारी वाहने गर्दीच्या वेळा सोडूनच चालवावीत. पार्किंग प्रकल्पाच्या आतच असावं, प्रवेश-निर्गमनाजवळ कोंडी होऊ नये, अशाही अटी असतात. मंजुरीपत्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतं आणि अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल विकासकाला द्यावा लागतो. तुमच्या गणनेचा तक्ता, वेळ दिसणारे फोटो आणि ती अट अधोरेखित केलेलं मंजुरीपत्र असे तीन कागद विकासकाच्या साइट इंजिनिअरसमोर ठेवा. बहुतेक वेळा मिक्सरची वेळ तिथेच बदलते. नाही बदलली तर तेच तीन कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात. सोबत एवढंही लिहून घ्या : बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं गेटमध्ये धुतली जातील, माल ताडपत्रीने झाकला जाईल, रांग आत लागेल. पहिल्या पावसात डांबरावर सांडलेल्या मातीचा चिखल झाला की तिथे घसरणाऱ्या दुचाक्या तुमच्याच पार्किंगमधल्या असतात.

कडेला उभे राहणारे ट्रक हा आणखी वेगळा विषय. त्याला ‘नो पार्किंग’चा आदेश आणि क्रेन, दोन्ही लागतं; नुसत्या आदेशाने काही होत नाही. ट्रक थांबतात ते टपरीसाठी आणि सपाट खांद्यासाठी. टपरी हलली आणि कडेला दगडी कठडा बसला की निम्मे थांबायचे बंद होतात.

हे सगळं जमलं की जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा. तिथे पोलीस, परिवहन कार्यालय आणि बांधकाम विभाग एकाच टेबलावर असतात, त्यामुळे ‘ते त्यांचं काम’ हे उत्तर देता येत नाही. अर्ज दोन पानांचा पुरे. सोबत नकाशा, दृष्टिअंतराची मोजमापं, वेग आणि गणनेचे तक्ते. त्या जागी गंभीर अपघात झाले असतील तर पोलीस ठाण्याकडून तारखा मिळवा. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू, असा ‘ब्लॅक स्पॉट’चा निकष आहे, त्यात बसत असाल तर निधीचा रस्ता उघडतो. निकषात बसत नसाल आणि घाई असेल, तर दिवे किंवा मार्गिकेचं काम ‘ठेव अंशदान’ पद्धतीने, म्हणजे खर्च भरून विभागाकडूनच करून घेता येईल का, हे कार्यकारी अभियंत्यांना विचारा. तो खर्च सोसायटीच्या तिजोरीतून जाण्याआधी विकासकाचा वाटा ठरवून घ्या. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करणं, झालेलं नसेल आणि दुसरा टप्पा विकायचा बाकी असेल, तर याच काळात तो तुमचं ऐकतो.

सुधारित आदेश निघाला की फलक बसल्यावर एका रात्री दोन्ही दिशांनी गाडीने जाऊन बघा. डिपर न देता, साध्या प्रकाशझोतात शंभर मीटरवरून मजकूर वाचता येतो का, खालची पूरक पट्टी फांदीआड गेली आहे का, आणि कोपऱ्यावरचा जुना फलक काढलाय की दोन्ही उभे आहेत? जुना तसाच राहिला असेल तर टँकर पुन्हा अडवला जाईल. आदेश प्रायोगिक असेल तर शेवटची तारीख कार्यालयाच्या फळ्यावर लिहा, आणि ती यायच्या दहा दिवस आधी हरकती-सूचनांचं पत्र पोहोच घेऊन द्या.